मुळाक्षरें पुन्हां गिरवावीं काय ?

वयानें आणि विद्येनें प्रौढ झालेल्या गृहस्थाला कोणी "जरा मुळाक्षरें गिरवा" असें म्हटलें, तर त्याला तो आपला उपमर्द वाटतो. मुळाक्षरें म्हणजे बालपणीं एकदां गिरवून पाटीबरोबर पुसून टाकावयाची वस्तु, असा आपला सर्वसाधारण समज आहे. घराचा पाया एकदां भरला कीं तो जमिनीखालीं गेला. पुढच्यांनीं माड्या चढवाव्या, भिंतींना रंग द्यावा, पायाची आठवण मात्र काढूं नये, असाच जगाचा व्यवहार. पायाची आठवण निघते ती भिंतीला तडा गेल्यावर. आणि तोंपर्यंत पाया भरणारा निघून गेलेला असतो व तड्याखालीं राहणारीं माणसें निराळींच असतात.

ह्या शेवटच्या गोष्टींत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे व त्याचाच विचार येथें करावयाचा आहे. ज्याच्या कामावर इतरांचें हित अवलंबून आहे, त्यानें आपल्या विद्येचीं मूलतत्त्वें पुनःपुन्हां तपासून पाहणें ही केवळ हौस आहे, धंद्याची सोय आहे, कीं तें त्याचें कर्तव्य आहे ? हा प्रश्न वैद्यकाला लागू आहे, तसाच न्यायशास्त्रालाहि. परंतु मी उदाहरणें घेणार आहे तीं संगणकशास्त्रांतलीं. एक तर आज सुशिक्षित मराठी कुटुंबांत मुलगा, सून, जांवई, भाची ह्यांपैकीं कोणी ना कोणी पुण्याच्या हिंजवडींत किंवा साता समुद्रांपलीकडे ह्याच विद्येवर चरितार्थ चालवीत असतें. त्यामुळें विषय अगदींच परका नाहीं. दुसरें असें कीं, हें शास्त्र इतकें तरुण आहे कीं, त्याचा पाया कोणीं भरला आणि त्याला तडा केव्हां दिसला हें बरेंचसें सन-सालवार लिहून ठेवलेलें आहे. जुन्या शास्त्रांत जें अनुमानानें सांगावें लागतें तें येथें दाखल्यानिशीं सांगतां येतें.

पहिलें उदाहरण प्रोग्रॅम रचण्याच्या विद्येंतलें, आणि तेंहि अगदीं पहिल्या इयत्तेंतलें घेऊं. शब्दकोशांत एखादा शब्द शोधतांना आपण पहिल्या पानापासून एकेक पान उलटीत बसत नाहीं. कोश मध्यावर उघडतों; शब्द अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडून देतों; उरलेल्या भागाचा पुन्हां मध्य काढतों. ह्या रीतीनें शंभर कोटि शब्दांच्या यादींतूनहि तीस पायऱ्यांत हवा तो शब्द सांपडतो. संगणकाच्या परिभाषेंत हिला बायनरी सर्च म्हणतात. रीत लहान मुलालाहि समजावी इतकी सोपी. तरीहि डोनल्ड नुथ ह्या थोर शास्त्रज्ञानें नोंदवून ठेविलें आहे कीं, ही रीत प्रथम १९४६ सालीं प्रसिद्ध झाली, परंतु यादी कितीहि लांबीची असली तरी बिनचूक चालेल असें तिचें रूप प्रसिद्ध व्हावयास १९६० साल उजाडावें लागलें.

कथा येथेंच संपली असती, तर "आरंभीं चुका झाल्या, मागाहून सुधारल्या" एवढेंच तिचें तात्पर्य निघालें असतें. पुढचा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. जॉन बेंटली ह्या विद्वानानें १९८० नंतरच्या दशकांत हीच रीत नमुन्यादाखल घेऊन तिच्या बिनचूकपणाची पायरीपायरीनें सिद्धता दिली. बेंटलीपाशीं शिकलेल्या जोशुआ ब्लॉक ह्यानें त्याच धर्तीवर लिहिलेला प्रोग्रॅम पुढें जावा नांवाच्या संगणकभाषेच्या सार्वजनिक भांडारांत दाखल झाला. देशोदेशींच्या प्रोग्रॅमकारांनीं तो विश्वासानें वापरला. आणि सुमारें नऊ वर्षांनीं, २००६ सालीं, ब्लॉकनेंच जाहीर केलें कीं आपल्या प्रोग्रॅमांत चूक आहे. इतकेंच नव्हे, तर ती बेंटलीनें सिद्ध करून दाखविलेल्या रीतींतहि आहे.

चूक होती तरी कोठें ? मध्य काढण्यासाठीं आरंभाचा क्रमांक आणि शेवटचा क्रमांक ह्यांची बेरीज करून तिचें अर्ध करावयाचें, ह्या पायरींत. प्रथमदर्शनीं ह्यांत कोणीहि दोष काढूं शकणार नाहीं. परंतु गणितांतला पूर्णांक आणि यंत्रांतला पूर्णांक ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. गणितांतल्या पूर्णांकाला शेवट नाहीं. त्या भाषेंतल्या नेहमींच्या पूर्णांकाला २,१४,७४,८३,६४७ ही कमाल मर्यादा आहे. बेरीज तिच्यापलीकडे गेली कीं ती वाढण्याऐवजीं एकदम ऋण संख्या होऊन बसते. यादी शंभर कोटींच्या पुढें गेली म्हणजे हा प्रसंग येऊं शकतो. ज्या काळीं ती सिद्धता लिहिली गेली त्या काळीं एवढी यादी पोटांत मावेल असें यंत्र साध्या प्रोग्रॅमकाराच्या पाहण्यांत नव्हतें; त्यामुळें ही मर्यादा कोणाच्या मनांतहि आली नाहीं. उपाय एका ओळीचा होता. दोन क्रमांकांची बेरीज न करतां त्यांच्यामधलें अंतर काढावें, त्याचें अर्ध करावें आणि तें आरंभाच्या क्रमांकांत मिळवावें. गणितांत दोन्ही रीतींचें उत्तर एकच. यंत्रांत मात्र एक रीत तरते आणि दुसरी बुडते.

येथें दोषी कोणाला धरावें ? बेंटलीचा तर्क चुकला नव्हता. ज्या अमर्याद पूर्णांकांविषयीं ती सिद्धता होती त्यांच्याविषयीं ती आजहि खरी आहे. झालें तें एवढेंच कीं, सिद्धतेच्या पोटांत एक न बोललेलें गृहीत होतें, आणि जग वाढत वाढत त्या गृहीताची वेस ओलांडून गेलें. मूलतत्त्वाला वार्धक्य येत नाहीं हें खरें. परंतु ज्या गृहीतावर तें उभें असतें त्याला येतें, आणि तें इतकें हळूहळू येतें कीं रोज शेजारीं बसणाऱ्याला तें दिसत नाहीं. ब्लॉकचें मात्र कौतुक केलें पाहिजे. आपली चूक त्यानें स्वतःच्या नांवानें जगापुढें मांडली आणि गुरूच्या कीर्तीच्या संकोचानें ती झांकून ठेविली नाहीं. आमच्याकडे ज्याला गुरुनिष्ठा म्हणतात तिचा एक शुद्ध प्रकार हाच असावा.

दुसरें उदाहरण संगणकांच्या जाळ्याचें आहे व तें अधिक विस्तारानें पाहण्यासारखें आहे. कारण पहिल्यांत एका यंत्राचा आणि एका गृहीताचा प्रश्न होता, तर येथें अनेकांनीं एकत्र कसें राहावें हा प्रश्न आहे. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतों त्याच्या व्यवस्थेची मूळ मांडणी व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान ह्यांनीं १९७४ सालीं केली. आणि १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतलें आर्पानेट नांवाचें जाळें तिच्यावर चालूं लागलें. मूळ कल्पना अशी कीं, संदेशाचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता लिहावा आणि वाटेंतल्या यंत्रांनीं तो पत्ता पाहून तुकडा पुढें ढकलावा. वाटेंतलें यंत्र कसलेंहि वचन देत नाहीं. गर्दी झाली तर तें तुकडा टाकून देतें आणि बहुधा तसें कळवीतहि नाहीं. संदेश खरोखर पोंचला कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी दोन टोकांची. घेणाऱ्यानें पावती पाठवावी. ठराविक वेळांत पावती आली नाहीं तर पाठविणाऱ्यानें तोच तुकडा पुन्हां पाठवावा. साध्या टपालाची ज्याला माहिती आहे त्याला हें सहज समजेल. पत्राचें उत्तर आलें नाहीं म्हणजे आपणहि दुसरें पत्र टाकतों.

नियम निर्दोष दिसतो. चिकाटी हा सद्गुणच आहे. परंतु ऑक्टोबर १९८६ मध्यें काय घडलें तें पाहा. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ ह्यांच्यांत अंतर अवघें चारशें यार्डांचें. त्यांच्यामधला संदेशांचा ओघ सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर येऊन ठेपला. चाळीस बिट म्हणजे रोमन लिपींतलीं पांच अक्षरें ! पानभर मजकुराची चिठ्ठी एखाद्यानें हातांत घेऊन चालत नेली असती तर ती त्या विजेच्या तारेच्या आधीं पोंचली असती. आणि विशेष हें कीं, तार तुटली नव्हती, कोणतेंहि यंत्र बंद पडलें नव्हतें. उलट सारीं यंत्रें जिवाच्या आकांतानें काम करीत होतीं. गर्दीमुळें तुकडे उशिरां पोंचत किंवा वाटेंत टाकले जात. पावती येत नाहीं म्हणून प्रत्येक टोक तेच तुकडे पुन्हां पाठवी. त्यामुळें गर्दी अधिक वाढे आणि आणखी तुकडे पडत. जॉन नेगल ह्यानें १९८४ सालींच ह्या संकटाचें वर्णन करून ठेविलें होतें. प्रत्येक जण नियमाप्रमाणें वागत होता, प्रत्येक जण चिकाटी धरून होता, आणि त्या चिकाटीनेंच सर्वांची वाट बंद झाली होती.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स ह्यांनीं ह्या रोगाचें निदान केलें व जेकबसनचा त्यावरील निबंध १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. अधिक जाड तारा टाका, असें त्यांनीं सांगितलें नाहीं. ते अगदीं पहिल्या प्रश्नाकडे परत गेले. पावती आली नाहीं, ह्याचा अर्थ काय ? पूर्वीचा अर्थ होता, "माझा तुकडा हरवला, तो पुन्हां पाठविला पाहिजे." परंतु तारेंतल्या बिघाडानें तुकडा नासण्याचा प्रसंग क्वचितच येतो; हरवतो तो बहुधा गर्दीमुळें. म्हणून पावती न येण्याचा खरा अर्थ असा कीं, "वाट भरली आहे, ह्या वाटेनें इतरहि चालले आहेत." अर्थ बदलतांच आचार बदलला. आरंभ हळू करावा. वाट मोकळी दिसेल तसतसा आपला भार थोडा थोडा वाढवावा. आणि तुकडा हरवल्याचें दिसतांच तो एकदम खालीं आणावा. वाढ बेताची, माघार मोठी, असा हा नियम आहे. त्यांत पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु त्यांतलें मूळचें तत्त्व आजहि आपल्या दूरध्वनींतून आणि संगणकांतून चालूं आहे.

ह्या प्रसंगाकडे मी केवळ यंत्रविद्येंतली युक्ति म्हणून पाहूं शकत नाहीं. घटना तीच होती. तिचा एक अर्थ स्वतःपुरता होता, दुसरा समाजाला धरून होता. वाटेवर दंडुका घेऊन उभा असलेला शिपाई तेथें कोणी नाहीं. एखाद्या टोकानें संयम सोडला तर त्याला तात्पुरता लाभच होईल; कालव्याच्या मुखाशीं असलेल्या शेतकऱ्यानें पाळी मोडून पाणी घेतलें तर त्याचें शेत भिजतें आणि कोरडें राहतें तें शेपटाकडचें. असें असतांहि जाळें चालतें, तें बहुतेकांनीं आपणहून हात आंखडता घेतल्यामुळें. अर्थात् यंत्राला संयम नसतो, हें विसरतां कामा नये. संयम असतो तो नियम लिहिणाऱ्याचा. आणि त्याचा नियम ज्या असंख्य यंत्रांत जातो त्यांच्या मालकांना त्याचें नांवहि ठाऊक नसतें. एकानें मूलतत्त्वाचा काय अर्थ लावला ह्यावर इतक्या अनोळखी लोकांचें हिताहित अवलंबून असल्यावर, तो अर्थ पुन्हां तपासणें ही त्याची खाजगी हौस राहत नाहीं.

आतां ह्यावर पूर्वपक्ष असा कीं, प्रत्येकानें पाया उकरावयाचा ठरविलें तर घर बांधावयाचें कोणीं ? पुलावरून जाणारा प्रवासी खांब मोजीत नाहीं. श्रमविभागाचा अर्थच परस्परांवर विश्वास असा आहे. शिवाय उकरीत जावें तर तळ लागतो कोठें ? हा आक्षेप पोरकट नाहीं. केन थॉम्पसन ह्या संगणकशास्त्रज्ञानें १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्याचें टोंक फार स्पष्ट करून दाखविलें. मनुष्यानें लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो दुभाषी प्रोग्रॅम असतो, त्यालाच अशी फितुरी शिकवितां येते कीं, तुमचें लिखाण अक्षर न् अक्षर स्वच्छ असूनहि त्याच्या भाषांतरांत चोरवाट निघावी. आणि त्या दुभाष्याचें स्वतःचें मूळ लिखाण तपासलें तरी तेंहि स्वच्छच आढळावें. तात्पर्य, केवळ तपासणीनें निःशंकता कधींच मिळत नाहीं. शेवटीं कोणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो.

हें सर्व मान्य करूनहि माझें म्हणणें राहतें. विश्वास दोन प्रकारचा असतो. एक, आपण कोठें आणि कशासाठीं विश्वास ठेविला आहे हें ज्याला ठाऊक आहे त्याचा. आणि दुसरा, आपण विश्वास ठेविला आहे हेंच जो विसरला आहे त्याचा. पहिला डोळस आहे, दुसऱ्याला विश्वास हें नांव केवळ सौजन्यानें द्यावयाचें. थॉम्पसनचें व्याख्यान पहिल्या प्रकारचा विश्वास शिकवितें. दुसऱ्याला त्यांत आधार नाहीं.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे : "आजवर बिनबोभाट चाललें, मग उकरून कशाला पाहावें ?" अनुभवाची साक्ष मोठी खरी, परंतु ती ज्या परिस्थितींत मिळाली त्या परिस्थितीपुरतीच ती खरी असते. युरोपांतील राष्ट्रांचें एरियान ५ हें अग्निबाण ४ जून १९९६ रोजीं पहिल्याच उड्डाणांत, सुमारें ४० सेकंदांच्या अवधींत, आकाशांत फुटून गेलें व त्याबरोबर चार शास्त्रीय उपग्रहहि गेले. त्याच्या दिशादर्शक यंत्रांतला प्रोग्रॅम एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. तेथें तो उत्तम चालला होता. नवें अग्निबाण अधिक वेगानें आडवें सरकलें. त्या वेगाशीं निगडित असलेली एक संख्या ३२,७६७ पर्यंतच माप असलेल्या जागेंत ओतण्याचा प्रयत्न झाला, ती मावली नाहीं, आणि मुख्य यंत्र व त्याच्या मदतीचें यंत्र, दोन्हीं एकाच कारणानें बंद पडलीं. ज्या भागानें हा घात केला त्याचें नव्या अग्निबाणांत उड्डाणानंतर कांहीं कामहि उरलें नव्हतें. चौकशी समितीच्या अहवालांतली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. असा धोका असणाऱ्या सात संख्यांपैकीं चौघींना संरक्षण दिलेलें होतें. उरलेल्या तिघींना तें न देण्याचा निर्णय बुद्ध्याच, कारणें पाहून व सर्वांच्या संमतीनें घेतलेला होता. परंतु त्याचें कारण प्रोग्रॅमांत कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. म्हणजे गृहीत डोळसपणें धरलें गेलें होतें. पण तें पुढच्याच्या हातीं पडलें तें केवळ संवय होऊन.

तिसरा आक्षेप अगदीं आजचा आहे. हल्लीं यंत्रेंच प्रोग्रॅम लिहूं लागलीं आहेत. नुसती इच्छा सांगावी आणि यंत्रानें ओळी उतरून द्याव्या. मग मनुष्यानें हीं मुळाक्षरें गिरवावयाचीं तरी कशाला ? मला वाटतें कीं ह्यानें कर्तव्य हलकें होत नाहीं, उलट जड होतें. यंत्र शिकतें तें मनुष्यांनीं पूर्वीं लिहिलेल्या गोष्टींवरून. त्या लिखाणाबरोबर त्यांतलीं न बोललेलीं गृहीतेंहि त्याच्याकडे जातात. आणि एरियानचा प्रोग्रॅम चालवितांना तो "कोणीं लिहिला ?" असें निदान विचारतां तरी येत होतें. लिहिणारा हात मनुष्याचा नसला तरी खालीं सही मनुष्याचीच राहते; आणि न समजतां केलेली सही सावकाराच्या कागदावर करावी, कीं शेंकडों लोकांच्या जीवितावर, हा फरक कमी महत्त्वाचा नाहीं.

मात्र मूलतत्त्वांकडे परत जाणें म्हणजे काय, ह्याविषयीं गैरसमज नको. आमच्या विद्यार्थ्यांना जाळ्याच्या रचनेचे सात थर शिकविले जातात. ते त्यांचीं नांवें परीक्षेसाठीं क्रमानें घोकतात, आणि प्रत्यक्षांतलें इंटरनेट त्या सात थरांच्या आराखड्याबरहुकूम बांधलेलें नाहीं हें पुष्कळांना नोकरी लागल्यावर कळतें. दहा वर्षांनीं तीच नांवें पुन्हां घोकलीं तर तें पुनरध्ययन होत नाहीं. ती उजळणी होते. पुनरध्ययन करणाऱ्यानें विचारावयाचें तें निराळेंच : हा नियम ज्यांनीं घातला त्यांच्यापुढें कोणती अडचण होती ? त्यांनीं काय धरून चाललें होतें ? तें अजून तसें आहे काय ? आणि मीं स्वतः आज जें धरून चाललों आहें तें माझ्या मागून येणाऱ्याला कोठें वाचावयास मिळेल ? पहिले तीन प्रश्न ज्ञानाचे आहेत. चौथा नीतीचा आहे आणि तो विसरला जातो.

प्रत्येकानें रोज पाया उकरावा असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु घरावर नवी माडी चढवितांना, किंवा जुन्या घराचीं तुळवंटें नव्या घराला लावतांना, खालीं उतरून एकदां पाहणें हें बांधणाऱ्याकडे लागतें. कारण तो पाहणार नाहीं तर दुसऱ्या कोणाला तें पाहतांच येत नाहीं. त्या घरांत निजणाऱ्या मुलांमाणसांना पाया कशाचा आहे हें समजण्याचें साधन नसतें. जेथें एकालाच दिसूं शकतें आणि सर्वांना भोगावें लागतें, तेथें न पाहणें हा निव्वळ आळस राहत नाहीं, तो अन्याय होतो. म्हणून प्रौढ मनुष्याला कोणीं मुळाक्षरें गिरवावयास सांगितलीं तर त्यानें रागावूं नये. लहानपणीं तीं आपण स्वतःसाठीं गिरवलीं. प्रौढपणीं तीं गिरवावयाचीं तीं इतरांसाठीं.